होऊन जाईल

“सर, हात सैल सोडा,” ती म्हणाली, आणि त्याचा हात आणखीच आवळला गेला. त्या उपचाराच्या खोलीत त्याला सगळे काका म्हणत. दारातली नावं लिहून घेणारी मुलगी काका म्हणे, पलीकडच्या पडद्याआडचा गुडघेवाला म्हातारा, जो वयाने त्याच्याहून बराच मोठा होता, तोही काका म्हणे, आणि त्याचं त्याला काही वाटेनासं झालं होतं. खांदा आखडल्यापासून तो एक आखडलेला काका होता, बस्स. शर्ट चढवताना बायको बाही धरून उभी राहायची, बसमध्ये वरचा दांडा धरता येत नसे, आणि रात्री त्या कुशीवर वळलं की खांद्यात कुणी बिजागरी उलटी फिरवल्यासारखं व्हायचं. अशा माणसाला सर म्हणायचं काही कारण नव्हतं. सर त्याला फक्त एकाच जागी म्हणत, ऑफिसातल्या काचेच्या दारामागे, जिथे त्याच्या टेबलासमोर दोन खुर्च्या होत्या आणि त्या खुर्च्यांवर बहुतेक नवरा-बायको येऊन बसत. त्याने मान वळवून तिच्याकडे बघायचा प्रयत्न केला. हिरव्या रेक्झिनच्या त्या अरुंद खाटेवर उताणं पडल्यावर माणसाचा चेहरा खालून दिसतो, हनुवटी आणि नाकपुड्या, आणि खालून कुणीच ओळखीचं वाटत नाही. चाळिशीची बाई, केस मागे घट्ट बांधलेले, हात गरम. आदल्या आठवड्यात जुना फिजिओथेरपिस्ट सोडून गेला म्हणून ही आली होती. “दुखलं की सांगा,” ती म्हणाली. “मी अंदाजाने ओढणार नाही.” मग तिने त्याचा हात कोपरापाशी धरून हळूहळू वर न्यायला सुरुवात केली, आणि छताचा पंखा, कप्पीवरून लोंबणारी दोरी, भिंतीवरचं सांगाड्याचं चित्र, सगळं एका पांढऱ्या कळेत बुडून गेलं.

त्या संध्याकाळी तो घरी चालत गेला. चालताना तो लोकांचे चेहरे आठवत होता, आणि आठवत नव्हते. इतकी वर्षं घरासाठी कर्ज देणाऱ्या कंपनीत काढल्यावर चेहरे राहत नाहीत, जोड्या राहतात. जाड नवरा आणि बारीक बायको. दोघेही शिक्षक. नवरा सतत बोलणारा आणि बायको टेबलावरच्या काचेखालचं कॅलेंडर वाचणारी. नवरे बोलायचे. पगार, बढती, गावाकडची जमीन, मेव्हण्याकडून येणं असलेले पैसे. आणि बायका काचेकडे बघायच्या. त्याला त्या बायकांची कणव यायची. तो उद्धट नव्हता, लाच घेणारा तर मुळीच नव्हता, आणि याचा त्याला थोडा गर्व होता, न बोलून दाखवलेला, गंजीफ्रॉकसारखा आतून घातलेला. सगळे कागद बघून झाले की तो चष्मा काढायचा, खुर्ची थोडी मागे सरकवायचा आणि समोरच्या बाईला विचारायचा, “तुम्हाला काय वाटतं, ताई?” दुसरा कुणी अधिकारी हे विचारत नसे. आणि मग तो हसून म्हणायचा, “होऊन जाईल.” ते ऐकल्यावर त्या दोन खुर्च्यांमधून जो श्वास सुटायचा, तो त्याच्या नोकरीतला सगळ्यात चांगला भाग होता. ऑफिसातली पोरं त्याला पाठीमागे ‘होऊनजाईलसाहेब’ म्हणायची. त्याच्या कानावर आलं होतं, आणि तो रागावला नव्हता. ज्यांचं खरंच झालं ते पेढे घेऊन यायचे. ज्यांचं झालं नाही ते कुठे जायचे ते त्याला माहीत नव्हतं, कारण वसुलीचा विभाग दुसऱ्या इमारतीत होता.

तिने सांगितलं ते पुढच्या खेपेला, अगदी सहज, त्याच्या दंडावर शेकाची पिशवी ठेवता ठेवता. “तुम्ही ओळखलं नाहीत मला. कसं ओळखणार म्हणा, किती जण येत असतील. ती वळणावरची पिवळी इमारत, तिच्यात चौथ्या मजल्यावर घर घेतलं होतं आम्ही. तुमच्याकडूनच कर्ज केलं होतं.” घेतलं होतं. तो त्या ‘होतं’पाशी अडला. “आता नाही?” त्याने विचारलं. “नाही हो,” ती म्हणाली, एखाद्याने चहाला नको म्हणावं तशी. “हप्ते थकले. मग तुमच्या लोकांनी कुलूप लावलं, मग विकलं. रीतसर झालं सगळं. जास्त गरम लागत नाही ना? टॉवेल घालू मध्ये?” त्याने नको म्हणून मान हलवली. पडद्यापलीकडे मशीन गुणगुणत होतं आणि गुडघेवाला म्हातारा कुणाला तरी आपल्या जावयाची कागाळी सांगत होता. तो पडून राहिला. त्याला वाटलं, आता ही आपला हात धरेल आणि मुरगाळेल, आणि त्याला आपण काही म्हणणार नाही. पण तिने हात धरला तो नेहमीसारखाच, खालून, एखादं झोपलेलं मूल उचलावं तसा; आणि दुखायला लागण्याच्या जरा आधी थांबली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याने संगणकावर तिचं खातं शोधलं. पिवळ्या इमारतीवरून शोधलं आणि सापडलं. तिच्या नवऱ्याचं दिव्यांचं दुकान होतं. ती स्वतः एका इस्पितळात नोकरीला होती आणि संध्याकाळी लोकांच्या घरी जाऊन व्यायाम करवून घ्यायची. नवऱ्याच्या कमाईत कर्ज बसत नव्हतं म्हणून मंजुरीच्या वेळी त्याने स्वतःच ती संध्याकाळची कमाई कायमची धरून गणित जुळवलं होतं. म्हणजे ती कधी आजारी पडणार नाही, कधी थकणार नाही, पेशंटांचे गुडघे कधी बरे होणार नाहीत, असं धरलं होतं. नियमात बसत होतं. वरच्या साहेबांची सही होती. आणि खात्यासमोर आता एकच शब्द होता: बंद. ज्यांनी सगळं फेडलं त्यांच्याही समोर तोच शब्द असे. त्याने संगणकाचा पडदा मिटवला. त्या वेळी समोर एक जोडपं येऊन बसलेलंच होतं, मुलगा गाड्यांच्या शोरूममध्ये होता आणि मुलीच्या हातात लग्नाचा चुडा होता, आणि त्यांच्याशी बोलताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला आज चष्मा काढायचा धीर होत नाहीये. त्याने त्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं. “काही अडचण आहे का, सर?” मुलाचा चेहरा पडला. “नाही, नाही. माझा खांदा दुखतोय,” तो म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

घरी वेगळाच उत्साह चालला होता. त्याच्या मुलाने घर पाहिलं होतं. सून आणि तो इतके दिवस भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होते आणि आता मुलाच्या डोक्यात ते घर असं काही बसलं होतं की जेवताना तो ताटातल्या पाण्याने बोटाने खोल्या काढून दाखवत होता. इथे हॉल, इथे झोपायची खोली, इथे छोटी खोली, पुढे-मागे लागेल ती. “बाबा, तुम्ही सोबत कर्जदार म्हणून सही केलीत की विषयच संपला. तुमच्याच कंपनीत म्हटल्यावर कोण अडवतंय?” बायको खुलली होती. “अहो, ऐकताय ना? बघून तर या रविवारी. आणि तिथे जाऊन उगाच खुसपट काढू नका. त्याचं एकदाचं घर झालं की आपण सुटलो.” सुटलो म्हणजे काय ते त्याला विचारावंसं वाटलं, पण ते विचारायचं जिवावर आलं. सून ताटं गोळा करत होती. “छान आहे घर,” ती म्हणाली. “उजेड खूप आहे.” ती एका मोठ्या बँकेच्या हिशेब विभागात कामाला होती आणि नवऱ्याहून जास्त कमवत होती, मुलाचं सगळं गणित तिच्या पगारावर उभं होतं. तिने हे म्हटलं तेव्हा ती ताटाकडे बघत होती. इतक्या वर्षांत इतक्या बायका काचेकडे बघताना पाहिल्या होत्या त्याने, आणि त्या कशाकडे बघतात हे त्याने एकदाही पाहिलं नव्हतं. तो अंथरुणावर पडला तेव्हा त्याने ठरवून टाकलं. सही करायची नाही. मुलाला सरळ सांगायचं, हे घर तुम्हाला जड जाईल, विषय संपला. ठरवल्यावर त्याला आपण फार वर्षांनी एक कठीण, स्वच्छ काम करणार आहोत असं वाटलं, आणि झोप लागली.

पण आधी तिची माफी मागायला हवी होती. शनिवारी तिने त्याला भिंतीसमोर उभं केलं. बोटं भिंतीवर चालवत वर न्यायची, जिथपर्यंत जातील तिथपर्यंत, हा नवा व्यायाम होता. पडद्यापलीकडे त्या दिवशी कुणी नव्हतं. भिंतीकडे तोंड करून तो म्हणाला, “चूक माझी होती. तुमच्या घराची. मी गणित ओढून-ताणून बसवलं. मी तुम्हाला थांबवायला हवं होतं.” बोलताना त्याची बोटं भिंतीवरच थांबली. मागून ती म्हणाली, “कसं थांबवलं असतंत?”

“नाही म्हटलं असतं.”

“मग आम्ही रस्त्यापलीकडच्या कंपनीत गेलो असतो. माझ्या नवऱ्याने तिथले कागदही आणून ठेवले होते.”

“तरीसुद्धा. जबाबदारी माझी होती. सगळी माझीच.”

“सगळी?” ती म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच बदलला, चढला नाही, पण त्याच्यातली ती कामाची गोडी गेली. “सर, जरा इकडे वळा. भिंतीशी काय बोलताय.” तो वळला. ती स्टुलावर बसली होती, हात मांडीवर, थकलेली, आणि सरळ बघितल्यावर तिचा चेहरा मुळीच अनोळखी नव्हता. “नवऱ्याचं दुकान डबघाईला आलं होतं. तुमच्यासमोर बसले तेव्हा मला ते ठाऊक होतं. त्याला वाटायचं मला ठाऊक नाही. मी त्याच्या खिशातल्या चिठ्ठ्या वाचायची ना. तरी मी बोलले नाही. का? मला ते घर हवं होतं. सकाळी ओट्यावर ऊन यायचं तिथे. मी मनात डबे पण लावून टाकले होते, कुठला कुठे. आणि मला वाटलं, मी ओढीन. मी कामाला वाघीण आहे, सगळे म्हणायचे. दिवसभर इस्पितळ, संध्याकाळी लोकांच्या घरी. ओढलंही बरेच दिवस. मग पाठच धरली माझी. लोकांचे मणके सरळ करणाऱ्या बाईची पाठ.” ती थोडी हसली. “घर गेलं. नवरा गेला, म्हणजे आहे, दुसरीकडे असतो, बरा आहे. आता माझी म्हणून ती एक चूक उरलीय. मी अक्कलहुशारीने, डोळे उघडे ठेवून केलेली. ती पण तुम्हीच घेऊन जाणार?”

माफी मागायला उभा राहिलेला माणूस तो, आणि कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखा कानकोंडा झाला. “मग माझं काय?” त्याने विचारलं, आणि विचारताना आपला आवाज लहान मुलासारखा निघाला हे त्याला ऐकू आलं. “माझ्याकडे काहीच नाही का?”

“असेल की. तुमच्या वाटणीचं असेल ते तुम्ही ठेवा.” तिने विचार केला. तो खरोखरच विचार होता, सौजन्य नव्हतं. “तुम्ही मला विचारलं होतंत. तुम्हाला काय वाटतं, ताई. आठवतं? तुम्हाला कसं आठवणार, तुम्ही रोजच विचारत असाल. मला मात्र एवढं कुणी विचारलं नव्हतं, नवऱ्यानेसुद्धा नाही. आणि मी सांगणार होते, सर. खरं सांगते. तोंड उघडलं होतं मी. कुठून सुरुवात करू, दुकानापासून की चिठ्ठ्यांपासून, शब्द जुळवत होते. तेवढ्यात तुम्ही हसलात आणि म्हणालात, होऊन जाईल.” ती उठली आणि तिने त्याचा हात परत भिंतीवर ठेवला. “आणि मला इतकं बरं वाटलं. काय सांगू तुम्हाला, इतकं बरं वाटलं.”

रविवारी ते घर बघायला गेले. इमारत अजून पुरती बांधून झाली नव्हती. जिन्याला कठडा होता पण रंग नव्हता, आणि लिफ्टच्या जागी एक खोल, गार पोकळी होती जिला फळ्या ठोकल्या होत्या. दलाल गोड माणूस होता. त्याने त्याला आधार द्यायला हात पुढे केला, नेमका दुखऱ्या बाजूने. वर पोचल्यावर मुलगा खोल्या-खोल्यांतून टेप धरून फिरू लागला, भिंतींची लांबी मोठ्याने सांगत, आणि रिकाम्या घरात त्याचा आवाज दुप्पट मोठा होऊन येत होता. सून खिडकीपाशी उभी होती. उजेड खरोखरच खूप होता. सिमेंटचा वास, कोपऱ्यात पडलेले पिशव्यांचे चुरगळे, खिडकीच्या काचेवर चुन्याचे शिंतोडे. तो त्या रात्रीपासून एक वाक्य तोंडात घेऊन फिरत होता, ‘हे घर तुम्हाला जड जाईल, मी सही करणार नाही,’ आणि ते वाक्य आता त्याला बेचव लागत होतं. ते बरोबर असेल. पण तेही त्याचंच वाक्य होतं. हो म्हणणारा तोच आणि नाही म्हणणाराही तोच, आणि समोरची माणसं नुसती खुर्च्यांवर बसलेली. दलाल पाण्याचा नळ कुठे येणार ते दाखवून खाली गेला, तेव्हा त्याने मुलाला जवळ बोलावलं आणि हिशेब सांगितला. दर महिन्याला किती जाईल, किती उरेल, दोघांतल्या एकाचा पगार थांबला तर काय होईल, त्याची स्वतःची नोकरी संपल्यावर काय होईल. गोड नाही केला, कडूही नाही केला. मुलगा घाईघाईने मान डोलावत होता. “माहितीय बाबा, सगळं माहितीय. आम्ही दोघं कमावतोय ना. होईल सगळं.”

मग तो सुनेकडे वळला. “तुला काय वाटतं?”

“तिला काय वाटायचंय,” मुलगा म्हणाला, “तिनेच तर ही खिडकी—”

“थांब,” तो म्हणाला. “मी तिला विचारलं.”

सुनेने खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेला पांढरा चुरा बघितला. बाहेर कुठेतरी कुणीतरी सळई कापत होतं. ती किंचाळी थांबली की शांतता आणखी पसरायची. त्याच्या तोंडात शब्द यायला लागले. अगदी तयार, कोमट, गेली कित्येक वर्षं वापरून गुळगुळीत झालेले शब्द, आणि ते जिभेवर असे सरकत आले की त्याला दात आवळून धरावे लागले. मुलाच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ताणलं जात होतं. असं किती वेळ चाललं ते त्याला सांगता आलं नसतं. माणसाला गप्प बसणं इतकं अंगमेहनतीचं असू शकतं हे त्याला ठाऊक नव्हतं. पाय दुखायला लागले, मान अवघडली, टेकायला भिंत होती पण तो टेकला नाही.

“मला नोकरी सोडायचीय,” सून म्हणाली.

“काय?” मुलगा म्हणाला.

“लगेच नाही. पण सोडायचीय. मला सकाळी तिथे जायचं म्हटलं की मळमळतं. आरशासमोर उभी राहते आणि केस विंचरताच येत नाहीत. राजीनामा लिहून ठेवलाय मी, ऑफिसच्याच टेबलात.” ती नवऱ्याकडे न बघता, त्या बोटाकडे बघत बोलत होती, पण आवाज स्वच्छ होता. “हे घर घेतलं की मी म्हातारी होईपर्यंत तिथून हलू शकणार नाही.”

“मग मला सांगितलं का नाहीस?”

“तू किती खूश होतास.”

मुलाच्या हातातला टेप सुर्रकन आत गेला. त्याने बापाकडे बघितलं, आणि त्या नजरेत असं काही होतं की तिचं काय करायचं ते बापाला पुढे अनेक दिवस कळलं नाही. “बाबा, तुम्ही खाली जा,” मुलगा म्हणाला. “आम्ही येतो.”

ते घर त्यांनी घेतलं नाही. ते पुढे, पावसाळा सरल्यावर, दुसऱ्या कुणीतरी घेतलं. मुलगा बरेच दिवस त्याच्याशी कामापुरतं बोलत होता आणि बायकोने तर तोंडावर सांगितलं, “पोराच्या सुखात तुम्हीच मोडता घातलात.” सुनेनेही काही त्याचे आभार मानले नाहीत, नोकरी सोडल्यावर घरात जी ओढाताण झाली ती झालीच, आणि ती कुणाला गोड लागली नाही. ऑफिसात त्याच्या टेबलावरून होणारी कर्जं कमी झाली, कारण आता त्याच्यासमोर बसलेल्या माणसांना जरा जास्त वेळ लागायचा. काही बायका रडायच्या. काही रागावून उठून जायच्या, आणि समोरच्या कंपनीत जायच्या. वरच्या साहेबांनी त्याला बोलावून विचारलं, तब्येत बरी आहे ना. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी तो हळूहळू जिना उतरला, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत, आणि खालच्या पायऱ्यांवर बसला. कपडे मळतील याचा विचार त्याने केला नाही.

दलाल सावलीत उभा होता. तो लगबगीने पुढे आला. “काय मग, पसंत ना? करून टाकू?” तेवढ्यात वरून मुलाचा आवाज आला, चढलेला, शब्द कळत नव्हते. मग सुनेचा. तोही चढलेला होता, मुलाच्या आवाजाच्या खाली दबलेला नव्हता. दलालाने अनुभवी मान हलवली. “होतं असं. आमचं रोजचंच आहे. मी वर जाऊन समजावतो, दोन मिनिटांत लाईनीवर येतील,” आणि त्याने पायरीवर पाय ठेवला.

“बसा,” तो म्हणाला.

“अहो, पण—”

“बसा हो जरा.” तो सरकला आणि त्याने पायरीवर जागा करून दिली. दलालाने आधी त्याच्याकडे बघितलं, मग आपल्या इस्त्रीच्या पँटकडे, आणि खिशातून रुमाल काढून, पसरून, त्याच्यावर बसला. वर दोघे बोलतच होते. मध्येच दोघांचेही आवाज एकदम बंद झाले आणि सळई कापणाराही नेमका तेव्हाच थांबला.

“काय ठरलं असेल?” दलालाने हळूच विचारलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला, आणि दोघेही वरच्या दाराकडे कान लावून बसून राहिले.